कोल्हापूरने दिलेले नाव

एक मेच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. आमची शाळा उर्दू माध्यमाची. आठवीच्या इतिहासात महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा धडा आहे आणि त्या धड्यावरूनच एक छोटे नाटुकले बसवावे असे मी ठरवले होते. फळ्यावर पात्रांची नावे उर्दूत लिहिली. आचार्य अत्रे, अण्णाभाऊ साठे, अमर शेख. पहिल्या बाकावरची मुलगी वाचायला उभी राहिली. अत्रे तिने अडखळत वाचले, अण्णाभाऊ कसेबसे पार केले, आणि तिसरे नाव मात्र ठसक्यात वाचले, ‘अम्र शेख’.

चूक तिची नव्हती. अलिफ, मीम, रे ही तीन अक्षरे. उर्दूत जेर-जबर सहसा कोणी लिहीत नाही, त्यामुळे ‘अमर’ आणि ‘अम्र’ दिसायला एकच. अम्र म्हणजे हुकूम, बाब, काम. उर्दू माध्यमाच्या पोरीला हाच शब्द आधी ओळखीचा असणार.

“मिस, ये कौन थे?”

“शाहीर होते.”

“शायर?”

पुन्हा तीच गंमत. मराठीतला शाहीर आणि उर्दूतला शायर हे दोघेही अरबी ‘शाइर’च्या पोटचे. एक मुशायऱ्यात गेला, दुसरा डफ घेऊन चावडीवर उभा राहिला. पोरींना हे सांगितले तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. शेवटी म्हणाले, “अगं, सिनेमात हिरोच्या थोरल्या भावाचे काम केले होते त्यांनी. अ‍ॅक्टर होते.” वर्ग एकदम जागा झाला.

खरे तर मीही त्यांना पहिल्यांदा पाहिले ते शाहीर म्हणून नाहीच. मी लहान असताना दूरदर्शनवर सुटीच्या दिवशी मराठी चित्रपट लागे. एकदा ‘प्रपंच’ लागला होता. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक कुंभार चाकाशी बसला होता. दादी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर करून विचारले, “ये कौन है?” अब्बा म्हणाले, “शेखसाब. आपले अमर शेख.” त्या ‘आपले’वर अब्बांनी दिलेला जोर माझ्या कानात राहिला. पुढे बी. एड. करताना संयुक्त महाराष्ट्राचा पाठ घेतला, तेव्हा हेच ते कुंभार हे समजायला मला अर्धा तास लागला. शाहीर म्हणून अमर शेखांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आपल्या मुस्लिम मराठी साहित्याच्या पानांवर तर विशेष. नट म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो, आणि कोल्हापूरच्या संदर्भात तर नाहीच. म्हणून हा प्रपंच. (शब्द आपोआप आला, राहू द्या.)

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी, जिल्हा सोलापूर. घरची परिस्थिती हलाखीची. आई मुनेरबी निरक्षर होत्या, पण जात्यावरच्या ओव्यांचे भांडार त्यांच्यापाशी होते. मुलाच्या कानात पहिली कविता पडली ती पिठाच्या घरघरीबरोबर, आणि ती मराठीत. हे मुद्दाम सांगते, कारण मुसलमान माणूस मराठीत लिहितो-गातो म्हटले की त्याने ती भाषा कुठून तरी ‘आत्मसात केली’ असे भाषणात म्हटले जाते. मुनेरबींनी काही आत्मसात केले नव्हते. दळायला बसले की जे ओठांवर येते ते येत होते.

शाळा लवकर सुटली. मेहबूबने मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत काम केले. बार्शी हे तेव्हा सूतगिरण्यांचे गाव. कामगारांच्या संपात तो पुढे आला आणि तुरुंगात गेला. तुरुंग होता विसापूरचा, नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यातला. श्रीगोंदे म्हणजे सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या शेख महंमदांचे गाव. मराठीत लिहिणारा एक शेख जिथे निजला आहे, त्याच तालुक्यात मराठीत गाणारा दुसरा एक जण, अजून ‘शेख’ न झालेला, कोठडीत बसला होता. योगायोगाला याहून जास्त अर्थ चिकटवणार नाही. त्या तुरुंगात त्याची गाठ रघुनाथ कऱ्हाडकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्याशी पडली आणि आयुष्याची दिशा ठरली. मात्र त्या दिशेने थेट मुंबईला जाण्याआधी वाट कोल्हापूरवरून गेली.

कोल्हापुरात तो मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करू लागला. आज राजारामपुरीतून रंकाळ्याकडे जाताना बसमध्ये कोणाला सांगितले की हे शहर एके काळी मराठी सिनेमाची राजधानी होते, तर तो मान डोलावतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. तेव्हा थोडे सविस्तर सांगते.

बाबूराव पेंटरांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या कंपनीत तयार झालेली माणसे बाहेर पडली आणि १९२९ साली ‘प्रभात’ उभी राहिली. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली प्रभातने इथेच केला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, तरी कोल्हापूर रिकामे झाले नाही. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी १९३६ साली ‘हंस पिक्चर्स’ सुरू केली. वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे त्यांच्यासाठी कथा लिहू लागले. ‘छाया’, ‘धर्मवीर’, ‘ज्वाला’, ‘ब्रह्मचारी’, ‘देवता’ हे सारे चार-पाच वर्षांतले. ‘ब्रह्मचारी’ १९३८चा. त्यात एका किरकोळ भूमिकेत माडगूळ्याचा एक गरीब तरुण पडद्यावर आला. तो गजानन दिगंबर माडगूळकर. विनायकांच्याच आश्रयाने पुढे एक पोरकी मुलगी घर चालवण्यासाठी तोंडाला रंग लावू लागली. १९४२ साली ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिने काम केले. ती लता मंगेशकर. विनायकांचा स्टुडिओ म्हणजे अशा गरजू माणसांचा मुसाफिरखानाच होता. पोटासाठी यायचे, मिळेल ते काम करायचे, आणि जाताना काहीतरी दुसरेच होऊन जायचे.

कोल्हापूरला मुसलमान कलावंताचे नवल नव्हते हेही सांगायला हवे. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारी गायक म्हणून सन्मानाने ठेवले होते आणि त्यांच्या गाण्याचे संस्कार घेऊन गोविंदराव टेंबे नाटकात आणि मग बोलपटात आले. ‘अयोध्येचा राजा’मधला हरिश्चंद्र म्हणजे हेच टेंबे. म्हणजे मराठी बोलपटाचा पहिला नायक गायला, तेव्हा त्याच्यामागे एका खाँसाहेबांची सावली होती.

या स्टुडिओत असताना मित्रांनी मेहबूब पटेलला नवे नाव दिले, अमर शेख. पुढे हेच कायम झाले.

नाव बदलणे ही सिनेमातली जुनीच रीत. युसूफ खान यांचे १९४४च्या ‘ज्वार भाटा’त दिलीपकुमार झाले. महजबीनची मीनाकुमारी झाली, मुमताज जहाँची मधुबाला, नवाबबानूची निम्मी. हमीद अली खान अजित झाले आणि झकेरिया खान जयंत. यात कुणाचा दोष काढायचा नाही. धंद्याचा हिशेब होता, तिकीट काढणाऱ्याच्या मनातली भीतीही त्या हिशेबात होती. परंतु या सगळ्या बारशांमध्ये एक गोष्ट समान आहे. नव्या नावातून माणसाचे मुसलमान असणे दिसेनासे होते.

कोल्हापुरात नेमके उलटे घडले. ‘पटेल’ हे आडनाव तसे काहीच सांगत नाही. सोलापूर, उस्मानाबाद भागात मुसलमान पटेल आहेत, गुजरातेत हिंदू पटेल आहेत, आपला पाटील त्यांचाच चुलतभाऊ. नुसते ‘अमर पटेल’ ठेवले असते तर सिनेमाच्या रिवाजाप्रमाणे सारे झाकले गेले असते. मित्रांनी पटेल काढून ‘शेख’ घातले. आधी पुसट असलेली ओळख ठळक केली. एक शब्द संस्कृतातला, एक अरबीतला, मध्ये सांधा दिसत नाही. माझ्या विद्यार्थिनीने पहिला शब्दही अरबी करून टाकला, तो भाग वेगळा! त्या मित्रांनी एवढा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. चहाच्या कपावर सुचलेले नावही असेल. पण सुचले कसे आणि चालले कसे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्या नावाच्या माणसाला पुढे तीस वर्षे महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. फाळणीच्या आगीनंतरही हे नाव बदलावेसे ना त्यांना वाटले, ना श्रोत्यांना.

मागे एका कार्यक्रमात सूत्रसंचालक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मॅडम, अमर शेख हे टोपणनाव असणार ना? म्हणजे ते मूळचे आपले...” आणि मग माझ्याकडे पाहून थबकले. मी म्हणाले, “हो, मूळचे आपलेच.” ते बिचारे बराच वेळ विचारात पडले होते.

कोल्हापूर सोडून अमर शेख मुंबईला गेले. तिथे १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि त्यांनी मिळून ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. एक मांग घरातला, एक मुसलमान पटेलाचा, आणि तिसरे गव्हाणकर. लालबाग-परळच्या चाळी, गिरण्यांचे दरवाजे, शिवाजी पार्क अशी त्यांची थिएटरे. पडदा नाही, विंग नाही. अमर शेखांचे अभिनयाचे शिक्षण कुठल्या नाट्यशाळेत झाले असे विचारले, तर ते इथे झाले.

पोवाडा हे नुसते गाणे नाही हे आपण विसरतो. मुख्य शाहीर डफावर थाप मारून कथा उचलतो, झीलकरी सूर धरतात, आणि मग शाहिराला एकट्याने सगळी पात्रे व्हावी लागतात. आता तो राजा, आता हेर, आता रडणारी आई. खांद्यावरचा शेला डोक्यावरून घेतला की बाई, कमरेला आवळला की शिपाई. सगनभाऊंपासून हे चालत आले आहे. पेशवाईच्या अखेरचे हे सगनभाऊ जातीने शिकलगार, मुसलमान, जेजुरीचे. म्हणजे या गादीवर अमर शेख उपरे नव्हते. त्यांचा आवाज पहाडी होता आणि हजारोंची सभा तो सहज कवेत घेई. परंतु ज्यांनी त्यांना पाहिले ती जुनी माणसे आवाजाइतकेच त्यांच्या उभे राहण्याविषयी बोलतात. माझ्या एका दिवंगत नातेवाइकांनी त्यांचा कार्यक्रम ऐकला होता. ते शब्द सांगत नसत, हात कसा उचलला होता ते उठून दाखवत.

कलापथकाने पोवाड्याबरोबर वगही केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही अण्णाभाऊंची लेखणी. पारंपरिक तमाशात आधी गण आणि मग गवळण. अण्णाभाऊंनी गणाच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गवळण काढून टाकली. सावकार, पुढारी, शेठजी यांची टर उडवणारे हे खेळ सरकारला झोंबले नसते तरच नवल. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली. तमाशावरही बंधने आली. तेव्हा ‘तमाशा’ या शब्दाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द पुढे आला. नाव बदलून वाचण्याची कला माणसांप्रमाणे नाटकांनाही शिकावी लागते.

याच काळात अमर शेखांनी ‘झगडा’ या नाटकात काम केले आणि ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिले. मग संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. १९५६ ते १९६० या वर्षांत अत्र्यांचे भाषण आणि अमर शेखांचा डफ यांशिवाय मोठी सभा झाली नसेल. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांच्या तोंडून गाजली. गावाकडे बायको ठेवून मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाची ती व्यथा, आणि ती व्यथा वाढत वाढत बेळगाव, निपाणी, कारवारपर्यंत पोहोचते. कोल्हापूरकरांना निपाणी म्हणजे परसदार. तिथे माहेर असलेल्या बायका आमच्या गल्लीतही आहेत. मुंबईचा श्रोता त्या गाण्यात आपले गाव आठवत असेल, पण सीमेवरच्या माणसाला ते अक्षरशः लागू होते, आणि आजही तो प्रश्न मिटलेला नाही. हे गाणे म्हणणाऱ्याला विरही नवरा व्हावे लागते. धिप्पाड माणसाने हजारोंसमोर उभे राहून हळवे व्हायचे आणि तरीही हसू येऊ द्यायचे नाही, हे अभिनयाचे काम आहे.

या सगळ्या धबडग्यात सिनेमा त्यांच्याकडे दोनदा आला.

पहिल्यांदा आला तो अत्र्यांच्या हाताने. ‘श्यामची आई’नंतर अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला. त्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. १९५४च्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक त्याला मिळाले. फुल्यांच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर, सावित्रीबाईंच्या भूमिकेत सुलोचनाबाई. अमर शेखांची भूमिका लहान होती. पण माणसे पाहा. अत्रे विनायकांसाठी पटकथा लिहीत तेच, बाबूराव विनायकांचे भागीदार तेच. कोल्हापूरच्या स्टुडिओत पोटासाठी आलेला पोरगा आता याच मंडळींच्या बरोबरीने कॅमेऱ्यासमोर उभा होता.

दुसऱ्यांदा आला तो ‘प्रपंच’, १९६१ साली. दिग्दर्शक मधुकर पाठक. माडगूळकरांच्या ‘आकाशाची फळे’ या कादंबरीवरचा हा चित्रपट, पटकथा आणि गीते त्यांचीच. विषय कुटुंबनियोजनाचा. ऐकून वाटते की सरकारी प्रचारपट असेल. तसा तो नाही. कुंभाराचे घर, पदरात पोरेच पोरे, डोक्यावर कर्ज. थोरला भाऊ अमर शेख, त्याची बायको सुलोचनाबाई, धाकटा भाऊ श्रीकांत मोघे, आणि ज्या मुलीवर धाकट्याचा जीव जडला आहे ती सीमा. थोरला खचतो, मरून जातो. वहिनी आणि तिची चिल्लीपिल्ली धाकट्याच्या गळ्यात येतात आणि त्याचे लग्न, त्याचे सुख मागे पडते.

हा चित्रपट गेल्या वर्षभरात मी तीनदा पाहिला. प्रत्येक वेळी मला आश्चर्य वाटले ते एका गोष्टीचे. मैदानावर उभे राहणारा नट कॅमेऱ्यासमोर बहुधा मोठा होतो, ओरडतो, हातवारे करतो. नाटकातून आलेली कितीतरी मंडळी अशी पडद्यावर फसली आहेत. अमर शेख इथे लहान होतात. खांदे पाडतात. कर्जदार माणूस दारात आलेल्या सावकाराकडे कसा थेट पाहत नाही, पोराच्या हातातली भाकरी पाहून त्याची नजर कशी वळते, हे ते न बोलता करतात. हे कुठून आले? मला वाटते बार्शीहून आले. मोटारीच्या टपावर सामान चढवलेल्या, गिरणीच्या भोंग्यावर धावलेल्या माणसाला गरिबीचा अभिनय करावा लागत नाही, आवरावा लागतो. त्याच त्या वर्गाविषयी ते आयुष्यभर छातीठोकपणे गायले. इथे मात्र कथेतला कुंभार हरतो, आणि त्यांनी त्याला हरू दिले. लाल बावट्याचा शाहीर हरलेल्या माणसाची भूमिका करताना त्याला घोषणा द्यायला लावत नाही, ही साधी गोष्ट नाही.

आणि आता त्या गाण्याविषयी. फिरत्या चाकावर मातीला आकार देणाऱ्या विठ्ठलाचे ते गाणे मराठी घरात कुणाला माहीत नाही? आमच्याही घरी रेडिओवर लागले की आवाज वाढवला जाई. पडद्यावर चाकाशी अमर शेख आहेत. आवाज सुधीर फडक्यांचा.

पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा मला थोडा रागच आला होता. ज्याच्या आवाजाने शिवाजी पार्क भरत होते, त्याला सिनेमाने उसना आवाज द्यावा? बोलपट आला तेव्हा नटाला स्वतः गावेच लागे. टेंबे आणि दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’मध्ये स्वतः गायले. १९३५च्या सुमारास पार्श्वगायन आले आणि दहा वर्षांत चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा ही वाटणी पक्की झाली. विनायकांकडे आलेल्या लताबाईंचे उदाहरण घ्या. त्या आधी चेहरा होत्या, मग पडद्याआड जाऊन केवळ आवाज झाल्या. अमर शेख सगळ्या महाराष्ट्राला आवाज म्हणून ठाऊक होते, आणि पडद्यावर केवळ चेहरा झाले.

पण राग फार टिकला नाही. एक तर ते गाणे फडक्यांचेच आहे. त्यातला संथपणा, मातीवर बोट फिरवल्यासारखा सूर, हा डफावरच्या गळ्याचा प्रांत नव्हे. पहाडी आवाज तिथे चाक मोडून गेला असता. दुसरे म्हणजे त्या गाण्याकडे नटाच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? दुसऱ्याच्या श्वासावर आपले ओठ आणि हात चालवायचे, आणि ते आपलेच वाटायला लावायचे. जन्मभर स्वतःच्या श्वासावर सभा चालवणाऱ्या माणसाला हे किती जड गेले असेल! पडद्यावर ते जड दिसत नाही. एक मुसलमान नट विठ्ठलाला वेडा कुंभार म्हणून साद घालतो आणि पाहणाऱ्याला त्यात खटकण्यासारखे काही वाटत नाही. मुनेरबींच्या जात्यावर विठ्ठल कितीदा येऊन गेला असेल, कोण जाणे.

सुधीर फडक्यांचा जन्म कोल्हापूरचा, आणि त्यांचेही मूळ नाव वेगळेच होते, राम. सुलोचनाबाई चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या, भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत घडलेल्या. माडगूळकर विनायकांच्या हंसमधून आलेले. म्हणजे ‘प्रपंच’मधल्या त्या गाण्यात शब्द, सूर, चेहरा आणि शेजारी बसलेली बायको, चौघेही या ना त्या वाटेने कोल्हापूरच्या चाकावरून उतरलेले आहेत. राजारामपुरीपासून शाहूपुरीची कुंभार गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गणपतीच्या दिवसांत तिथून जाताना ओल्या मातीचा वास येतो आणि मला हटकून हे गाणे आठवते.

सिनेमात ते त्यानंतर रमले नाहीत. ‘कलश’ हा त्यांचा कवितासंग्रह १९५८ साली आला होता, त्याला अत्र्यांची प्रस्तावना. ‘धरतीमाता’ १९६३ साली आला. ‘युगदीप’ आणि ‘वक्तव्य’ ही नियतकालिके त्यांनी चालवली. दौरे तर चालूच होते. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री, आणि ते नाव त्यांनी आपल्या नावात तसेच ठेवले आहे. कोल्हापुरात मित्रांनी दिलेले नाव असे आडनाव होऊन बसले.

१९६९ साली तेरा जूनला अत्रे गेले. अठरा जुलैला अण्णाभाऊ गेले. एकोणतीस ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. बावन्न वर्षांचे होते, आणखी दोन महिन्यांनी त्रेपन्न झाले असते. अकरा आठवड्यांत तीन आवाज. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, पुण्यात जुन्या बाजाराजवळ चौक आहे. ज्या शहराने नाव दिले, तिथे माझ्या वर्गात ते फळ्यावर लिहून दाखवावे लागते.

नाटुकले झाले. शाहिराचे काम त्याच पहिल्या बाकावरच्या मुलीने केले. डफ मिळाला नाही, मदरशाच्या जलशातली दफ तिने घरून आणली. उर्दूत दफ, मराठीत डफ. तालमीच्या वेळी तिने विचारले, “मिस, आधी मेहबूब पटेल म्हणून नाव सांगू का अमर शेख म्हणून?” मी म्हटले, तुला योग्य वाटेल तसे कर. कार्यक्रमाच्या दिवशी ती पुढे आली, ओढणी कमरेला आवळली, दफवर एक थाप मारली आणि दोन्ही नावे सांगून टाकली, आधी एक, मग दुसरे. ‘अमर’ या वेळी नीट म्हटले होते.